मागची डावी काच

तुम्ही गाडीतून घरी सोडतो म्हणालात आणि मी नको म्हटलं, त्याचा राग मानू नका. पाऊण तासाची वाट आहे, मी चालत जाईन. आता चहा होईपर्यंत बसलोच आहोत, तर कारणही सांगून टाकते. तो दिवा तसाच राहू द्या.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. मी गाड्यांच्या शोरूममध्ये होते, पण गाडी विकणारी नव्हे. विकणारे वेगळे असतात, त्यांच्या गळ्यात टाय आणि तोंडात साखर असते. कागदपत्रं पुरी झाली की गिऱ्हाईक माझ्या ताब्यात यायचं. मी त्याला त्याच्या नव्या गाडीत बसवायची आणि आतलं एकेक समजावून सांगायची. सीट पुढेमागे कशी करायची, कमरेचा आधार कसा फुगवायचा, पुढे थंड आणि मागे जरा कमी थंड असा एसी कसा ठेवायचा, काचेवरचं धुकं कसं घालवायचं. एकवीस वर्षं हेच केलं. लोक एवढी मोठी गाडी घेतात आणि घरी जाऊन फक्त गाणी कशी लावायची तेवढं लक्षात ठेवतात. मी मात्र शेवटच्या बटणापर्यंत सगळं सांगायची, कारण शेवटी सही माझी असायची.

ड्रायव्हरच्या दारावर एक छोटं बटण असतं. त्यावर खिडकीचं चित्र असतं आणि चित्रावर फुली. ते दाबलं की मागे बसलेल्यांना त्यांच्या काचा उघडता येत नाहीत. आमच्या गाड्यांत त्यानं मागचा एसीही मागून कमीजास्त करता येत नसे. हे बटण दाखवताना माझा एक ठरलेला विनोद होता. "हे दाबा, की मागच्यांची कटकट बंद." लहान मुलांचे आईबाप हसायचे. मागे म्हातारे आईबाप बसलेले असले, तर पुढचा मुलगा जास्तच हसायचा. एकवीस वर्षांत हा विनोद एकदाही पडला नाही.

दादानं, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं, गाडी घेतली ती आमच्याच शोरूममधून. गाडी समजावून द्यायला अर्थातच मी. आई मागे डावीकडे बसली होती. मी तिच्या अंगाला बेतून सीट लावली, ते माप गाडीत साठवलं आणि पडद्यावर त्या मापाला नाव दिलं, 'आई'. मग दादाला तोच विनोद ऐकवला. दादा पोट धरून हसला. आईला ऐकू कमी यायचं. मुलं हसताहेत म्हणून तीही हसली.

आई तीन महिने दादाकडे आणि तीन महिने माझ्याकडे असायची. आमच्यात यावरून भांडण नव्हतं, भांडणापेक्षा वाईट काहीतरी होतं. सगळं अगदी नियमानं चालायचं. कुणाकडे एक दिवस जास्त झाला तर पुढच्या वेळी तो वळता व्हायचा. आईबरोबर तिच्या गोळ्यांची यादी यायची, आणि मी ती वाचून वहिनीला फोन करून "मिळाली" म्हणून सांगायची. गाडी ताब्यात देताना मी जशी यादी करायची तशीच. फरक एवढाच, की गाडी नेणारा माणूस खुशीत असायचा.

दादा तिला माझ्याकडे घेऊन येत होता त्या दुपारी ती गेली. कडक उन्हाळा होता. दादाचा फोन आला तेव्हा तीन वाजले होते. "वाटेत डोळा लागला तिचा," तो म्हणाला, "आणि झोपेतच गेली. एसी चालू होता. काही त्रास झाला नाही." डॉक्टरांनी तिचं वय बघितलं आणि कागद लिहून दिला. भेटायला आलेले लोक म्हणाले, असं मरण नशिबानंच येतं. मी मान डोलावली. दादाही डोलावत होता. आम्ही दोघं शेजारीशेजारी बसून सगळ्यांसमोर माना डोलावत होतो.

तो खोटं बोलतोय हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. कसं, ते सांगते, पण त्याआधी गाडीचं सांगायला हवं.

अडीच महिन्यांनी दादानं ती गाडी आमच्याकडे परत आणली. विकून टाका म्हणाला. वहिनीला तिच्यात बसवत नाही. गाडी जेमतेम आठ महिन्यांची. जुनी गाडी पुन्हा विकायची तर तिची आतून तपासणी करावी लागते. सगळी बटणं चालतात ना ते बघायचं, आधीच्या मालकानं साठवलेली मापं, नावं, फोन नंबर पुसायचे, आणि 'दोष नाही' म्हणून सही करायची. हे काम माझ्याकडे आलं. व्यवस्थापकाला वाटलं, घरची गाडी आहे तर मी मायेनं करीन.

पहिल्याच दिवशी मला मागच्या डाव्या दाराचं बटण दिसलं. बाकी गाडी नवी करकरीत आणि तेवढं एक बटण झिजलेलं. वरचं खिडकीचं चित्र पुसून गेलेलं, कड गुळगुळीत, मध्ये बोटाच्या पेराएवढा खळगा. वीस वर्षं भाड्यानं फिरलेल्या गाडीचंही बटण इतकं झिजलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे वायरिंगचं काम बघणारा एक म्हातारा कारागीर होता. डोकं लवकर तापायचं, म्हणून सगळे त्याला फ्यूजमामा म्हणायचे. त्याला बोलावलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवून बटण बघितलं.

"म्हातारीला दुसरा काही उद्योग नव्हता वाटतं?" तो म्हणाला, आणि मग कुणाची गाडी ते आठवून त्यानं जीभ चावली. "माफ कर गं. बदलतो लगेच."

त्यानं नवं बटण बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर तेही झिजलेलं. त्यानं मुकाट्यानं आणखी एक बसवलं. ते एका रात्रीत झिजलं म्हणावं, तर मामा म्हणाला, रात्री नाही. त्यानं संध्याकाळी जाताना हात लावून बघितलं होतं, तेव्हाच ते गुळगुळीत होतं. म्हणजे जे काही होत होतं ते दिवसा होत होतं, आमच्या देखत, वर्कशॉप माणसांनी भरलेलं असताना.

"माल हलका यायला लागलाय," फ्यूजमामा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. मग त्यानं गाडीला स्कॅनर जोडला. पुस्तकाएवढा पडदा असतो त्याचा, तारेशिवाय चालतो. गाडीतलं कुठलं बटण केव्हा दाबलं, केव्हा सोडलं, सगळं त्यावर दिसतं. मागचं लॉक असेल तर काच हलत नाही, पण बोट पडलं एवढं गाडीला कळतंच. "बघत बस," तो म्हणाला, "मी जेवून येतो."

एक वाजला होता. जेवणाच्या सुट्टीत आमचं वर्कशॉप एकदम रिकामं होतं. हवेचा पंप बंद होतो, आणि पत्र्याचं छप्पर तापून अधूनमधून तडतडतं तेवढाच आवाज. मी पुढे ड्रायव्हरच्या जागी बसले. एसी लावला, स्कॅनर मांडीवर घेतला. पडद्यावर एकच ओळ होती. मागची डावी काच, बटण सोडलेले.

एक वाजून दहा मिनिटांनी ती ओळ बदलली. बटण दाबलेले.

पाठोपाठ मागून आवाज आला. टक. अगदी बारीक, आपण बोटानं प्लॅस्टिक दाबतो तेवढाच. मग सोडलेले. मग पुन्हा टक.

मी आरशात बघितलं. मागे कुणीही नव्हतं. सीट मात्र खाली दबलेली होती, डावीकडची. एसी अठरावर होता आणि माझ्या पाठीला मागून भट्टीची धग लागत होती. त्या धगीबरोबर वास आला. गुडघ्यांना लावायच्या मलमाचा, आणि त्याखाली घामाचा.

मी दार उघडून बाहेर पळाले. लाज वाटते सांगायला, पण पळालेच. स्कॅनर हातात तसाच राहिला होता. वीसेक पावलांवर टायरच्या ढिगाला टेकून उभी राहिले आणि तिथून पडदा बघत राहिले. आवाज आता ऐकू येत नव्हता, फक्त ओळ बदलत होती. सुरुवातीला भराभर, एका मिनिटात तीस-चाळीस वेळा. पुढे जरा थांबून थांबून. दीड वाजता मिनिटाला चार-पाच वेळा. मग दोन मिनिटं काहीच नाही, आणि मग एकदम घाईघाईनं सात-आठ वेळा. पावणेदोनला एकदाच दाबलं गेलं आणि सोडलं गेलं नाही. दाबलेले. दाबलेले. दाबलेले. दोनला पाच मिनिटं कमी असताना ओळ बदलली. सोडलेले.

त्यानंतर काही नाही. दोन वाजता माणसं जेवून परत आली, पंप सुरू झाला. फ्यूजमामानं विचारलं, काही दिसलं का. मी नाही म्हटलं.

आता ते सांगते, जे मी दादाला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

आईचा त्या दुपारी मला फोन आला होता. मी एका कुटुंबाला गाडी समजावून देत होते, पाच माणसं गाडीत कोंबून बसली होती. फोन घेतला कारण ती तीनदा करत बसली असती.

"काच उघडत नाहीये गं," आई म्हणाली. "फार उकडतंय."

"दादा कुठाय?"

"आत गेलाय. पाच मिनिटांत येतो म्हणाला. गाडी बंद आहे."

तिला दार आतून उघडता येणार नव्हतं. तिनं एकदा सिग्नलला दार उघडलं होतं, तेव्हापासून दादा मुलांसाठीचं लॉक लावून ठेवायचा. तेही त्याला मीच दाखवलेलं. पुढच्या सीटवर जाणं तिला शक्य नव्हतं, तिचे गुडघे असे की एक पायरी चढायची तर दोन माणसं लागायची. हे सगळं मला माहीत होतं. त्या शहरात हे माझ्याहून जास्त कुणालाच माहीत नसेल. आणि मी काय केलं? रोज जे बोलते तेच बोलले. तोंडाला सवय झाली होती हो.

"आई, दाराच्या दांडीवर चार बोटांखाली बटण आहे बघ. ते वर ओढायचं नाही, खाली दाबायचं."

"दाबतेय."

"पूर्ण दाब. दाबत राहा. उघडेल."

"उघडत नाही..."

"दाबत राहा म्हणते ना. मी कामात आहे, ठेवते."

एक मिनिट चाळीस सेकंद. मी फोन ठेवला, त्या कुटुंबाकडे वळले आणि माझा विनोद सांगितला. ते हसले.

दादाला मी कधी विचारलं नाही, की तू कुठे थांबला होतास. विचारलं असतं तर तुला कसं कळलं, असं तो म्हणाला असता. म्हणून त्याचं खोटं मी जपलं. माझं खोटं त्याच्यात गुंडाळलेलं होतं.

पण ते पंचेचाळीस मिनिटांचं दाबणं बघितल्यावर मला राहवेना. ती दाबत राहिली होती. शेवटपर्यंत मुलीनं सांगितल्याप्रमाणे करत राहिली होती. मला वाटलं, कुणीतरी एकदा हे तोंडानं बोललं पाहिजे. दादानं बोललं पाहिजे. तो बोलला तर मीही बोलेन, आणि मग कदाचित ती थांबेल. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं, तिनं थांबावं. मी दुसऱ्या दिवशी दादाला साडेबारालाच बोलावून घेतलं. सही राहिली आहे म्हणून सांगितलं.

तो आला. वाळला होता. मी त्याला गाडीत बसवलं, मी ड्रायव्हरच्या जागी आणि तो शेजारी. स्कॅनर दोघांच्या मध्ये ठेवला.

"सही कुठाय?" त्यानं विचारलं.

"थांब जरा. थोडाच वेळ."

"कशाला थांबायचं? आणि वास कसला येतोय?"

वर्कशॉप रिकामं झालं. पंप बंद झाला. एक वाजून दहा मिनिटं झाली.

टक.

दादानं मागे वळायला मान अर्धी फिरवली आणि तशीच थांबवली. मग हळूच पुढे घेतली. पडद्यावरची ओळ त्यानं वाचली, पुन्हा वाचली. आवाज येतच राहिला. पाच मिनिटं आम्ही दोघं समोरच्या काचेतून बाहेर बघत होतो.

"किती वेळ थांबला होतास, दादा?"

"दहा मिनिटं."

"दादा."

त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते.

"खोल्या दाखवत होते ते... एक झाली की दुसरी. मी म्हणत होतो, आई गाडीत आहे. ते म्हणाले, जेवणघर तरी बघून जा." तो थांबला. "चांगल्या होत्या खोल्या. हवेशीर. मोठ्या मोठ्या खिडक्या."

वृद्धांच्या निवासात गेला होता तो. आईला न सांगता तिच्यासाठी जागा बघायला. आईला आवारात उन्हात ठेवून.

"बाहेर आलो तेव्हा तिचं बोट त्या बटणावरच होतं," दादा म्हणाला. "मला ते... काढावं लागलं."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी त्याच्या तोंडात मारीन. निदान ओरडेन. पण तो अजून संपला नव्हता. तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत मला दुःखाबरोबर आणखी काहीतरी दिसलं. हिशेब चुकता करायला आलेल्या माणसाचं असतं तसं.

"तिथला पत्ता तूच पाठवला होतास," तो म्हणाला. "मागे लागली होतीस, जाता जाता बघून घे."

"हो."

"आणि तिनं मला सहा वेळा फोन केला, माझ्या फोनचा आवाज बंद होता. मग तुला केला. तू उचललास. एक मिनिट चाळीस सेकंद. तिच्या फोनवरून ते मीच पुसलं." टक, मागून आवाज आला. "काय बोलली ती तुझ्याशी?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दादानं डोळे मिटून घेतले.

झालं. दोघांनीही तोंडानं बोलून टाकलं. मी पडद्याकडे बघितलं. ओळ बदलतच होती. आम्ही काय कबूल केलं याच्याशी तिला काही देणंघेणंच नव्हतं. तिला आमची कबुली नको होती, तिला उकडत होतं.

मग माझं लक्ष माझ्याच दाराकडे गेलं. लॉकच्या बटणावरचा बारीक लाल दिवा लागलेला होता. गेले अडीच महिने तो तसाच होता. दादानं लावलेलं लॉक नंतर कुणीच काढलं नव्हतं. माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर. ते एकदा दाबलं असतं, तर मागचं बटण चाललं असतं. काच खाली आली असती.

मी बोट पुढे केलं. दादानं माझं मनगट धरलं.

"थांब," तो कुजबुजला. "काच उघडली तर?"

"तर उघडेल."

"मग ती..." तो अडखळला. "मग आपल्याला मागे बघावं लागेल."

मी बोट तसंच पुढे धरून ठेवलं.

"नको," दादा म्हणाला. "थोडाच वेळ आहे ना? दोनच्या आत मी तिचं बोट काढलं होतं."

त्यानं धरलं म्हणून मी थांबले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण त्याचा हात अगदी हलका होता. झटकला असता तर सहज सुटला असता. मी बोट मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आम्ही बसून राहिलो. तिची दोन मुलं पुढे, थंडगार हवेत, आणि मागे टक, टक. दीड वाजता ती दमायला लागली. मी पडदा उलटा करून ठेवला, तरी कान बंद होत नव्हते. शेवटचा दाब आला, तो सोडलेला ऐकू आला नाही. दहा मिनिटं शांतता होती, आणि ती शांतता काय आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मागून टक असा उलटा आवाज आला, बटण सुटल्याचा, आणि सीट हलकी झाल्याचं मला पाठीमागे जाणवलं.

दादानं तोंड पुसलं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "तू सही कर."

मी केली. गाडीच्या पडद्यावर जाऊन सगळी साठवण पुसायचा आदेश दिला. गाडीनं विचारलं, सर्व वैयक्तिक मापं आणि नावं कायमची पुसायची का? मी हो दाबलं. 'आई' नाव गेलं. सीट आपोआप मागे सरकून कारखान्यातून आल्यासारखी झाली. कागदावर लिहिलं, दोष नाही. दादा उतरला आणि मागे न बघता निघून गेला. त्यानंतर त्यानं मला फोन केलेला नाही. मीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी फ्यूजमामानं नवं बटण बसवलं. ते झिजलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जेवणाच्या सुट्टीत मी दुरून स्कॅनर बघत बसले, एकदाही ओळ बदलली नाही. आठवड्याभरात गाडीला गिऱ्हाईक मिळालं. मीच त्यांना सगळं समजावून दिलं. त्या एका बटणापाशी आल्यावर मी पुढचं बोलायला लागले. गाडी फाटकातून बाहेर गेली आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मी तर व्यवस्थापकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

माझी स्वतःची गाडी तुम्ही पाहिली नाहीत. गेल्या वर्षी मोडीत काढली. गाड्यांच्या शोरूममध्ये काम करणाऱ्या बाईकडे किती जुनी गाडी, म्हणून सगळे थट्टा करायचे. एसी नव्हता. काचांना बटणं नव्हती, हातानं फिरवायची हँडलं होती, तीही गंजून इतकी घट्ट झालेली की दोन्ही हातांचा जोर लावावा लागे. उन्हाळ्यात मी चारही काचा खाली करून ठेवायची, म्हणजे जरा वारा लागायचा.

सुट्टी घेतली त्या दुपारी मी चारही काचा खाली करूनच निघाले. एक वाजून गेला होता. रस्ता मोकळा होता. गरम का होईना, वारा तोंडावर येत होता, आणि मी बऱ्याच दिवसांनी गाणं गुणगुणत होते.

मागे डावीकडे करकर आवाज झाला. वाऱ्यानं काही हललं असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आवाज थांबला आणि वारा जरा कमी झाला. मग तोच आवाज मागे उजवीकडे. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटपाशी. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तिकडचं हँडल सावकाश फिरत होतं. फिरवणाऱ्याला घाई नव्हती. काच एकेक बोट वर चढत होती.

मी ब्रेक दाबला, दाराची कडी ओढली. कडी हलली, दार नाही. वारा पूर्ण थांबला होता. मलमाचा वास आला.

"आई..." मी म्हटलं.

माझ्या गुडघ्याशेजारचं हँडल फिरायला लागलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं, अंगातली सगळी ताकद लावून उलटं ओढलं. ते माझ्या मुठीतच फिरत राहिलं. काच माझ्या खांद्याच्या वर गेली, कानाच्या वर गेली, वरच्या रबरात घट्ट जाऊन बसली. आता आणखी वर जायला जागा नव्हती.

हँडल मात्र फिरतच राहिलं.